अनियमित नाडी, थायरॉईड आणि आपली जबाबदारी

छातीत धडधड, हातांस कंप, घाम आणि भूक उत्तम असूनही येणारी कृशता अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. आपण वातप्रकोप वा धातुक्षय मानून त्यास अश्वगंधा देतो. ही सवय सोडावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

थायरॉईडचा स्राव वाढला की हृदयाची गती वाढते. कर्णिकांचा विश्रांतिकाल आखडतो आणि त्यांचे आकुंचन विस्कळीत होते. हेच एट्रियल फिब्रिलेशन. अतिस्रावाच्या सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत ते आढळते. वृद्धांत तर गलगंड वा कंप नसताही अनियमित नाडी हेच प्रमुख लक्षण असू शकते. कर्णिकेत साकळलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात ओढवतो.

इंदूरच्या पांडा व कर या संशोधकांना १९९८ साली अश्वगंधा दिलेल्या उंदरांत थायरॉईडचे स्राव वाढलेले आढळले. २००५ मध्ये नेदरलँड्समधून अश्वगंधा-सेवनानंतर अतिस्राव झालेल्या एका स्त्रीरुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हा अंतिम पुरावा नव्हे. परंतु सावधगिरीस पुरेसा आहे.

नाडीपरीक्षा हा आपला अभिमान. मग नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी, त्याच वेळी श्रवणयंत्राने हृदयाचे ठोके ऐकावेत. नाडी अनियमित असल्यास ई.सी.जी. आणि टी.एस.एच. या तपासण्या होईपर्यंत अश्वगंधा देऊ नये.

निदान झाल्यावर कार्बिमॅझोल, गती आवरणारी बीटा-ब्लॉकर औषधे, गरजेनुसार रक्त पातळ ठेवणारे औषध, किरणोत्सारी आयोडीन वा शस्त्रक्रिया यांचा निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा. स्राव पूर्ववत झाल्यावर अनेकांची हृदयगती काही महिन्यांत आपोआप नियमित होते. म्हणूनच मूळ उपचार मध्येच तुटता कामा नये. दम्याच्या रुग्णास बीटा-ब्लॉकर देताना विशेष जपावे लागते.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. कार्बिमॅझोल घेणाऱ्यास ताप व घसादुखी झाल्यास केवळ काढा देऊन पाठवू नये. श्वेतपेशी धोकादायकरीत्या घटल्याचे ते चिन्ह असू शकते. ते औषध थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणीस व डॉक्टरांकडे पाठवावे.

वेळीच रुग्ण पुढे पाठविणे यात आयुर्वेदास कमीपणा नाही. अनियमित नाडी हाती लागूनही दुर्लक्ष करणे, यात मात्र आहे.