ओकायामाला रेल्वे जाते, चाकणला जात नाही

सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग आपल्यापैकी बहुतेकांनी बघितली आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या चार जागांमध्ये ती असतेच. कापलेली हिरवळ, वळणं घेत जाणारं पाणी, छोटे पूल. पण त्या बागेचं दुसरं नाव किती जणांना माहीत आहे? पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमध्ये ओकायामा नावाचं जुनं किल्ल्याचं शहर आहे, तिथे कोराकुएन नावाची बाग आहे. तिथल्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने, १६८७ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि १७०० मध्ये ते पूर्ण झालं. म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीला जाऊन परत आले, त्याच काळात तिकडे ही बाग तयार होत होती. आपली सिंहगड रस्त्यावरची बाग तिच्याच धर्तीवर केलेली आहे.

आता विषयाकडे येतो. मूळ बागेत जायचं असेल तर तिथला माणूस कसा जातो, आणि आपल्या मोशीचा माणूस तिच्या पुण्यातल्या धाकट्या बहिणीकडे कसा जातो, हे एकदा शेजारी ठेवून बघा.

टोकियो ते ओकायामा हे अंतर रेल्वेने साधारण ७३० किलोमीटर. आपलं पुणे-नागपूर धरा. शिंकानसेन, म्हणजे ज्याला आपण बुलेट ट्रेन म्हणतो ती, सव्वातीन तासांच्या आसपास तिथे पोचवते. ओसाकाहून तर पाऊण तास. पण मला या वेगाचं फारसं कौतुक सांगायचं नाही. खरी गंमत ओकायामा स्टेशनात उतरल्यावर सुरू होते. शिंकानसेनचं स्टेशन शहराबाहेर माळरानावर नेऊन ठेवलेलं नाही, जुन्या स्टेशनातच आहे. बाहेर पडलं की समोर ट्राम. ही ट्राम १९१२ पासून चालते. तिसऱ्या थांब्यावर उतरायचं, दहाएक मिनिटं चालायचं, आली बाग. शेजारी नदीच्या पलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला. तो १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला होता, १९६६ मध्ये परत उभारला. चाकणच्या जपानी कंपन्यांतून ट्रेनिंगला जाऊन आलेली पोरं हेच सांगतात. गाडीचा वेग दोन दिवसांत अंगवळणी पडतो म्हणे, पण कुठेही उतरलं की पुढचं वाहन उभं असतं, त्याचं नवल शेवटपर्यंत जात नाही.

आता आपलं. मोशीच्या चौकातून निघा. रिक्षा किंवा बस, जे मिळेल ते, नाशिक फाट्यापर्यंत. दहा किलोमीटरच्या आत-बाहेरचं अंतर, पण किती वेळ लागेल ते कुणी सांगू नये. सकाळी कंपनीच्या बस, कंटेनर, शाळेच्या व्हॅन सगळे एकाच वेळी रस्त्यावर. नाशिक फाट्याला मेट्रो. या स्टेशनाला सुरुवातीला भोसरी नाव दिलं होतं. भोसरी गाव तिथून तीन-चार किलोमीटर लांब! नवा माणूस भोसरी समजून उतरायचा आणि परत रिक्षाला पैसे द्यायचा. असो. तिथून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते, सप्टेंबर २०२४ पासून. हा टप्पा झकास आहे, त्याला नावं ठेवणार नाही. स्वारगेटला उतरून पुन्हा बस किंवा रिक्षा. प्रवासातला मधला तुकडा एकविसाव्या शतकातला, दोन्ही टोकं आपली आपण सांभाळायची.

कुणी म्हणेल, जपानशी कसली तुलना करता, ते श्रीमंत. बरोबर. म्हणून दोन आकडे देतो. ओकायामा शहराची लोकसंख्या सात लाखांच्या थोडी वर. पिंपरी-चिंचवडची २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार होती, आणि त्यानंतर मोशी, चिखली, चऱ्होलीत किती टॉवर उभे राहिले ते आपण डोळ्यांनी पाहतोय. आपण लहान गाव नाही. लोकसंख्येने ओकायामाच्या दुपटीहून मोठे आहोत. आणि पैशाचं म्हणाल तर त्यांच्याकडेही पैसा आभाळातून पडला नव्हता. पहिल्या टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनसाठी त्यांनी जागतिक बँकेकडून कर्ज काढलं होतं, खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून रेल्वेच्या प्रमुखाला १९६३ मध्ये पद सोडावं लागलं होतं. पुढे तिथली सरकारी रेल्वे कर्जाच्या ओझ्याखाली अशी वाकली की १९८७ मध्ये तिचे तुकडे करून कंपन्या कराव्या लागल्या. तिकडे सगळं सोन्याचं होतं असं नाही. पण १९६७ मध्ये ओसाका-ओकायामा मार्गाचं काम सुरू झालं आणि मार्च १९७२ मध्ये गाडी धावली. पाच वर्षं.

आता आपली पुणे-नाशिक रेल्वे घ्या. नाशिकसुद्धा ऐतिहासिक शहरच आहे, आपल्या रस्त्यालाच त्याचं नाव आहे. पण पुण्याहून नाशिकला आजही सरळ रेल्वे नाही. कल्याणला वळसा घाला, नाहीतर दौंड-मनमाडकडून जा. रस्त्याने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणून सगळे रस्त्यानेच जातात, आणि त्यातले निम्मे मोशीतून जातात असं इथे राहणाऱ्याला वाटतं.

महारेलने सेमी हायस्पीड रेल्वेचा आराखडा केला. सुमारे २३५ किलोमीटर, ताशी २०० चा वेग, पावणेदोन तासांत नाशिक, खर्च १६ हजार कोटींच्या घरात. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी स्टेशनं. मोजण्या झाल्या, दगड रोवले, काही ठिकाणी खरेदीखतंही झाली. खेड-जुन्नरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, काहींनी भाव वाढवून मागितला, काहींनी जमीन द्यायची तयारी केली. आणि मग गाडी अडली खोडदला.

खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, नारायणगावच्या आसपासच्या पट्ट्यात पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही दुर्बीण, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. लांबच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या इतक्या क्षीण रेडिओ लहरी ती टिपते की शेजारून विजेची रेल्वे गेली तर तिच्या उपकरणांच्या गोंगाटात ते सगळं बुडून जाईल. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, ती योग्यच होती. शेवटी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगून टाकलं की नारायणगावचा मार्ग होणार नाही, अहिल्यानगर-शिर्डीकडून जायचं. त्यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर दुर्बिणीला शिव्या घालायची फॅशन आली. अहो, ती दुर्बीण काल रात्री उगवली नाही! नव्वदच्या दशकापासून तिथे उभी आहे, शाळेच्या सहली जातात बघायला. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती दिसली नाही का? जमिनी मोजून झाल्यावर, लोकांची मनं कडू-गोड करून झाल्यावर कळलं? ज्या शेतकऱ्याने या रेघेपायी चार वर्षं विहीर खणली नाही, पोराचं घर बांधलं नाही, त्याला कोण जबाबदार, याचं उत्तर मला एकाही पत्रकार परिषदेत मिळालेलं नाही.

नव्या मार्गातही चाकणला रेल्वे येणार असं सांगितलं जातंय. येवो. पण आली तरी आपला प्रश्न सुटतो का? इथे मला ओकायामा आठवतं ते ट्रामसाठी. टोकियोचं शिंकानसेनचं तिकीट आपल्या पैशात दहा हजारांच्या घरात जातं, ते रोज कुणी काढत नाही. ट्राममध्ये मात्र शाळेची पोरं, म्हाताऱ्या बाया, दुकानात कामाला जाणारे रोज बसतात. चाकणमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या, मोशीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला नाशिकला पावणेदोन तासांत जायचं नाहीये. त्याला सकाळी सातच्या शिफ्टला साडेसातला नव्हे, सातलाच पोचायचंय. उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. दुचाकीवर कंटेनरच्या चाकाशेजारून जातो तो. या रस्त्यावर काय काय घडतं याच्या बातम्या मीच लिहितो, इथे परत लिहीत नाही.

आपल्याकडची जुनी गावं बघा. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर, रेल्वे नाही. देहूला आहे म्हणावं तर देहूरोड स्टेशनापासून गाव काही किलोमीटर आत. चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांच्या हिमतीवर शाएस्ताखानाला दीड-दोन महिने झुंजवलं. तो किल्ला बघायला आज कुणी निघालं तर वाहतूक कोंडीच त्याला झुंजवते. आणि खुद्द नाशिकचं स्टेशन नाशिकरोडला, पंचवटीपासून आठ-दहा किलोमीटर. रेल्वे गावाच्या अलीकडे थांबवायची आणि पुढचं रिक्षावाल्यावर सोडायचं, ही आपली जुनी खोड आहे. नाशिक फाट्याच्या मेट्रोने तीच पुढे चालवली.

आता जे प्रत्यक्ष हातात आहे त्याबद्दल बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नाशिक फाटा ते खेड आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. ३० किलोमीटर, ७,८२७ कोटी रुपये. म्हणजे मोशीच्या डोक्यावरून जाणारा रस्ता. याचं स्वागत झालं, फटाके वाजले, श्रेयाचे फ्लेक्स लागले. दुसरीकडे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून भूमकर चौक, नाशिक फाटा करत मोशीमार्गे चाकणपर्यंत मेट्रोचा आराखडा आहे. दोन्ही एकाच रस्त्यावरून जायचेत. रस्ता एक, योजना दोन, खाती वेगळी. यापुढे काय होतं ते पुणेकरांनी विद्यापीठ चौकात भोगलंय. आधी बांधलेले उड्डाणपूल मेट्रोसाठी पाडले आणि पुन्हा बांधले. तो पैसा आपलाच होता.

नागपूरने वर्धा रोडवर हे नीट केलं. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, खांब एकच. पुण्यात नळस्टॉपला तसंच केलंय. म्हणजे इथल्या इंजिनिअरांना जमत नाही असं मुळीच नाही. फक्त दोन खात्यांनी एका टेबलावर बसायला हवं, आणि ते बसवणं हे ज्यांना आपण मतं देतो त्यांचं काम आहे. आठ पदरी पूल बांधून झाल्यावर मेट्रोसाठी जागा शोधायला निघाले तर मोशीच्या पोरांची अजून दहा-पंधरा वर्षं कंटेनरशेजारून जाण्यात जातील.

शिवाय उन्नत मार्ग हा मुळात कुणासाठी आहे, हेही विचारलं पाहिजे. पुण्यातून खेडला, पुढे नाशिकला थेट जाणाऱ्याला तो वरून सुळकन नेईल. मोशीत राहून चाकणला जाणारा खालच्याच रस्त्यावर राहणार. १९९७ मध्ये मोशी महापालिकेत आली, तेव्हापासून आपण शहराचा कर भरतोय. शहराच्या मधून जाणारी वाहतूक डोक्यावरून गेली याचा आनंद आहेच, पण खालच्या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका, शिफ्टच्या वेळेला धरून बस, चौकात पायी ओलांडायला सुरक्षित जागा, हे त्याच कामात घ्या. नंतर वेगळी निविदा काढू म्हणाल तर ते होत नाही, हे वीस वर्षं बातम्या करून मला ठाऊक झालंय.

तेव्हा प्रभागातल्या नगरसेवकाला, आमदारांना, खासदारांना भेटाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. उन्नत मार्गाच्या खांबांच्या नकाशात मेट्रोचा भार धरला आहे का? मोशीत चढायला-उतरायला रॅम्प कुठे आहे? चाकणला उद्या रेल्वे स्टेशन झालं तर मेट्रोचं स्टेशन त्याला लागून असेल, की आपल्याला परत दोन किलोमीटर रिक्षा? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशाची प्रत मागा. मिळाली तर मला पाठवा, इथेच सगळ्यांसमोर टाकतो. मिळाली नाही तर तेही कळवा, माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो.