उंचीआधी सफाई

१९९१ साली पर्थच्या जागतिक स्पर्धेत चीनच्या फू मिंगशियाने दहा मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मवरून सूर मारून सुवर्णपदक जिंकले. ती तेव्हा १२ वर्षांची होती. जगाने टाळ्या वाजवल्या. आंतरराष्ट्रीय महासंघाने मात्र पुढे नियम केला: स्पर्धेच्या वर्षात १४ वर्षे पूर्ण होत नसतील, तर मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत उतरता येणार नाही.

मला हा नियम त्या पदकाइतकाच मोलाचा वाटतो. दहा मीटरवरून पाण्यावर पोहोचताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. तो मार मनगटांवर, खांद्यांवर, पाठीवर बसतो. आणि हे शरीर अजून वाढत असते.

ज्युनियर जागतिक स्पर्धेत १४-१५ आणि १६-१८ असे वयोगट असतात. तिथली एक पद्धत प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावी. ठरावीक उड्यांच्या एकूण काठिण्यावर मर्यादा असते. तिथे धाडस दाखवून गुण वाढवता येत नाहीत. झेप, हवेतला डौल आणि पाण्यात सरळ शिरणे, याच सफाईचे मोल होते. अवघड उड्यांना वाव उरलेल्या फेऱ्यांत मिळतो.

आपण वर्गात नेमके उलटे करतो. उर्दू वाचताना अडखळणाऱ्या पाचवीच्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीला बसवतो आणि त्याला तालीम म्हणतो. तरबियतीत सब्रही येतो, हे विसरतो.

मुलांना उंचीवर जरूर न्यावे. पण पायऱ्या त्यांच्या वयाच्या असाव्यात, आपल्या घाईच्या नव्हेत.