उमेदवारी की वेठ?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एम.ए. मराठीच्या अभ्यासक्रमातही 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. आम्ही विद्यार्थ्यांना अमरावतीतल्या वृत्तपत्रांकडे धाडतो, तास मोजतो, सही करतो. तिथे त्यांच्या वाट्याला येते ते प्रसिद्धिपत्रके पुन्हा टंकित करणे आणि वाढदिवसांच्या जाहिरातींचे मुद्रितशोधन. मानधन शून्य! ब्रिजलाल बियाणींच्या 'मातृभूमि'चा वारसा मिरवणाऱ्या वऱ्हाडात ही गत.

आमच्या एका विद्यार्थिनीने पऱ्हाटीवर लाल्या पडल्याची बातमी दिली. छापून आली तेव्हा पऱ्हाटीचे 'कपाशी पीक' झाले होते, आणि शेतकऱ्याच्या तोंडचे वऱ्हाडी वाक्य 'शेतकरीवर्गात नाराजीचे वातावरण' या साच्यात विरले होते. संपादकांना बोल लावावा, तर उत्तरपत्रिकेतली 'पऱ्हाटी' लाल शाईने आम्हीच खोडत आलो. तेही बोलीविज्ञान शिकवून!

मात्र तीच मुलगी कापसाचा भाव तिघांना विचारून मगच लिहायला शिकली. आमच्या संदर्भसूचींनी तिला ही शिस्त कधी लावली नव्हती. म्हणून उमेदवारी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. मानधन द्या, बातमीवर लिहिणाराचे नाव द्या. हे मान्य नसेल तिथे विभागाने विद्यार्थी पाठवू नयेत. यंदाची पत्रे टेबलावर पडून आहेत. आम्ही अद्याप सही केलेली नाही.