‘तुला काहीही झालेले नाही!’

आमच्या परळ-लालबागला ‘टाटाला नेले’ एवढे दोनच शब्द पुरतात. कशासाठी, हे कोणी विचारीत नाही. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाला लागूनच केईएम आणि वाडिया. गावोगावचे रुग्ण फुटपाथवर दिवस काढताना आपण कॉलेजला येता-जाता पाहतो. अशा ठिकाणी राहून एखाद्याला आपल्या प्रकृतीची धास्ती बसली, तर नवल ते काय?

पण आपण त्याला हसतो. आरशासमोर मानेतली गाठ चाचपणारा, उठल्या-बसल्या नाडी मोजणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक चाळीत असतोच. मोलियेरने अशाच माणसावर प्रहसन लिहिले. १६७३ साली त्याच्या चौथ्या प्रयोगात ती भूमिका करताना तो स्वतःच खरोखर कोसळला आणि त्याच रात्री वारला. शंकेखोरालाही खरा आजार होतो, हे हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मुळात हे सोंग नव्हे. भीतीने छाती खरोखरच धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. मग ती धडधडच हृदयविकाराचा पुरावा वाटू लागते. कार्डिओग्राम निघतो. ‘नॉर्मल!’ दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी मन म्हणते, मशीनच बिघडलेले असेल तर? पुन्हा नवा डॉक्टर, नवी तपासणी, आणि मध्यरात्री मोबाईलवर लक्षणांचा शोध. २०२० मध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर काहींच्या बोटातून निघता निघत नव्हता, तो याचमुळे. दिलासा मिळतो, पण त्याचीच चटक लागते. म्हणूनच ‘तुला काहीही झालेले नाही’ हे वाक्य दहाव्यांदा ऐकवून उपयोग नसतो.

मग करावे काय? पूर्वी गिरगावात, लालबागेत घराण्याच्या तीन पिढ्या ओळखणारा एक डॉक्टर असे. तसा एकच डॉक्टर धरावा, आवश्यक त्या तपासण्या एकदाच कराव्यात आणि पुढली भेट त्याने सांगितलेल्या तारखेलाच घ्यावी. नवे किंवा तीव्र लक्षण उद्भवले तर अर्थातच थांबू नये. एरवी गाठ चाचपण्याची ऊर्मी आली की आधी तासभर पुढे ढकलावी, मग दोन तास. सोपे नाही हे! पण विचारांची आणि वर्तनाची घडी बदलणारी जी मानसोपचार पद्धती आहे, तिचा भर याच सरावावर असतो आणि तिचा गुण येतो. घरच्यांनी ‘तुला भीती वाटते आहे ना? चल, शिवाजी पार्कला एक फेरी मारू’ म्हणावे.

‘हायपोकॉन्ड्रिया’ हे जुने नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या यादीतून काढले. त्याला हेटाळणीचा वास येतो, हे त्यामागचे एक कारण. आपल्याकडे ती हेटाळणी अजून तशीच आहे. केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो. तरी हृदयविकाराच्या रांगेत दिवसभर उभा राहणारा आपला शेजारी मानसोपचाराच्या दाराशी आला की ओळखीचे कोणी बघत नाही ना, म्हणून आधी मागे वळून पाहतो.