फराळाचे ताट आणि सैतान

गेल्या दिवाळीत बोरिवलीच्या आमच्या बिऱ्हाडातून फराळाचे एक ताट परत गेले. शेजारच्या काकूंनी नेहमीच्या रिवाजाने ते आणले होते. माझ्या भाचीने दारातूनच, “आम्हांला चालत नाही,” म्हणून फिरवले. काकू म्हणाल्या, “अगं, चकली जरा बिघडलीय खरी, पण इतकी नाही हो!”

आदल्या रविवारी एका उपदेशकाने मुलीला शिकवले होते, की आपण रणांगणावर उभे आहोत आणि समोरच्या गॅलरीतला आकाशकंदील हे शत्रूचे निशाण आहे!

मी ख्रिस्ती आहे. सैतान नाही, असे मी म्हणत नाही. परंतु या सेनापतींना मी विचारतो, शत्रूचा पत्ता तुम्हांला दिला कोणी? आपले झुंजणे रक्तामांसाच्या माणसांशी नव्हे, हे पौलाने इफिसकरांस बजावले आहे. करिंथकरांस तर तो सांगतो, की परक्याने जेवायला बोलावले तर पुढे येईल ते चौकशी न करता खा. मात्र ‘हे मूर्तीला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाखातर थांबा. काकूंनी सांगितले काय? चकली बिघडल्याचे!

वैर खोटे आहे काय? मुळीच नाही. 2023 च्या जानेवारीत माहीमला सेंट मायकल चर्चच्या कबरस्तानात क्रूस मोडले गेले. ज्याची आई तेथे निजली आहे त्याला शांतीचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. मोडणाऱ्याचा न्याय कोर्टात व्हावा. पण त्याची वसुली काकूंकडून का? आणि हिशेबच काढायचा तर आमच्या मंडपेश्वरला चला. ती लेणी शैवांची. पोर्तुगीज अमलात तेथे चर्च झाले, भिंतीवरचे शिल्प जाऊन क्रूस कोरला गेला. 1739 साली मराठ्यांनी वसई घेतली आणि तो अंमल संपला. आज तेथे पुन्हा शंकराची पूजा होते. छिन्नीने कोरलेला क्रूस खडकात राहिला. माणसांच्या मनात किती उतरला?

मराठी ख्रिस्ती माणसाने युद्ध पाहावे ते ना. वा. टिळकांच्या घरातले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरावर वीज कोसळली. जातीने टाकले, आप्त दुरावले, लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांनी या सगळ्यांना सैतानाची सेना ठरवले असते तर त्यांना कोण अडवणार होते? पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. ते मोडण्याची बळजबरी टिळकांनी केली नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. हा सारा प्रपंच ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि तो वाचून मराठी घरे हसली, रडली, त्यांत हिंदू घरेच अधिक! टिळकांनी अभंग आणि कीर्तन टाकून दिले नाही, त्यांतूनच ख्रिस्त गायिला. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला कंदिलाची धास्ती वाटत नाही. चकलीने डळमळणाऱ्या श्रद्धेला काय म्हणावे, ते उपदेशकमहाशयांनीच सांगावे.

भाचीला मी रागावलो नाही. संध्याकाळी तिला बरोबर घेऊन काकूंकडे गेलो आणि ताट मागून आणले. चकली खरोखरच बिघडली होती.