रोजा, डाएट आणि वजनकाटा

रमजान आला की हिंदू मित्र विचारतात, ‘‘रोजा म्हणजे इंटरमिटंट फास्टिंगच ना?’’ आणि आपलेच काही भाऊ ‘विज्ञानानेही रोजा मान्य केला’ असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरवतात. दोघांनीही जरा थांबावे.

ठरावीक वेळेतच खाणे बरे की रोज मोजून कमी खाणे, याची तुलना आता बरीच झाली आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलरींची मर्यादा सर्वांना सारखीच होती. एका गटाने मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खायचे होते. त्यांचे वजन सरासरी ८ किलो घटले, दुसऱ्या गटाचे ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. शिकागोतील २०१७ च्या अभ्यासात दिवसाआड उपवास करणारेही वजनात पुढे गेले नाहीत. उलट त्यांच्यातले ३८ टक्के लोक मध्येच गळाले, रोज कमी खाणाऱ्यांतले २९ टक्के. कोलोरॅडोत मात्र आठवड्यातून तीन दिवस अगदी थोडे खाणारे सरस ठरले, हे २०२५ मध्ये पुढे आले. मला यातून एवढेच दिसते की एकूण पोटात किती गेले आणि माणसाला काय झेपले, यावर बरेचसे ठरते. दीक्षित की दिवेकर या आपल्याकडच्या वादातही हे विसरले जाते.

रोजाची गोष्ट वेगळीच. दिवसभर पाणी नाही, जेवण रात्री, सहरीसाठी झोपमोड, आणि इफ्तारला भजी-समोसे! रमजानवरील बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा महिन्याची सरासरी घट सव्वा किलोच्या आसपास निघाली. तीही बरीचशी ईदनंतर दोन आठवड्यांत भरून आली. रोजा वजनासाठी ठेवायचा नसतोच.

काळजी आहे ती मधुमेहींची. ‘रोजाने साखर आटोक्यात येते’ असा संदेश वाचून कुणी नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहतो, कुणी आपल्या मनाने इन्सुलिन बंद करतो. दोन्ही जिवावर बेतू शकते. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला स्पष्ट सवलत आहे: रोजे नंतर पूर्ण करावेत. बरे होण्यासारखा आजार नसेल, तर गरिबाला जेऊ घालावे. ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात.