बॉनेट उघडायचं कुणी?

लहान गावांतसुद्धा आता बायका सर्रास मोटार चालवताना दिसतात. मुलांची शाळा, बँक, दवाखाना, माहेर, लग्नकार्य, सगळीकडे ती स्वतः गाडी काढून जाते. पण स्टिअरिंग तिच्या हातात आलं तरी बॉनेट मात्र अजून घरातल्या पुरुषांच्याच ताब्यात आहे. सर्व्हिसिंगला गाडी नेणार ते 'हे', नाहीतर दीर, नाहीतर मुलगा. ती एकटी गेलीच तर पहिला प्रश्न येतो, "साहेब नाही आले?" मग बिलावर जो आकडा असेल तो मुकाट्यानं भरायचा आणि घरी येऊन, एवढे पैसे कसे झाले म्हणून बोलणीही तिनंच खायची!

माझं स्पष्ट मत आहे, की जी गाडी चालवते तिला इंजिनाची तोंडओळख असलीच पाहिजे. त्यासाठी हातात पाना घ्यायची गरज नाही. शिलाई मशीनला तेल कधी घालायचं, मिक्सरचा आवाज बदलला की काय बिघडलं, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. रोज वापरून ते कळलं. इंजिनाचंही तसंच आहे.

उदाहरणादाखल होंडा सिटी घेऊ. १९९८ साली ही गाडी भारतात आली आणि आज कितीतरी घरांत ती सेकंडहँड म्हणून आलेली असते. २०१४ ते २०२० या काळातल्या पेट्रोल सिटीचं इंजिन आहे १४९७ सीसीचं, म्हणजे साधारण दीड लिटरचं. त्यात चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्ह. ताकद ११९ पीएस, पण ती ६६०० फेऱ्यांना. ओढ, म्हणजे टॉर्क, १४५ न्यूटन मीटर, ती ४६०० फेऱ्यांना. या आकड्यांचा आपल्याला उपयोग काय? तर एवढाच, की हे इंजिन फिरवलं तरच जोर देतं. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी कण्हायला लागली, तर त्यात गाडीचा दोष नाही. खालचा गिअर टाका, ती आपसूक चढेल. वरच्या गिअरमध्ये रडवत नेलं तर पेट्रोलही जास्त जातं आणि इंजिनही तापतं.

आता निगा. या इंजिनाचा जीव ऑइलमध्ये आहे. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा. आपली गाडी वर्षात चार हजारच फिरली म्हणून 'राहू दे पुढच्या वर्षी' असं करायचं नाही. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, आणि त्यात ऑइल उलट लवकर खराब होतं. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून साखळी असते. ती ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही, पण तिला वंगण मिळतं ते याच ऑइलमधून. शिवाय ऑइल लागतं साडेतीन लिटरच्या आसपास. बिलावर पाच लिटर लिहिलं असेल, तर बेधडक विचारा, "उरलेलं कुठंय?"

ऑइल तपासणं तर भात शिजला का बघण्याइतकं सोपं. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, काडी काढून पुसायची, परत घालून बाहेर काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. महिन्यातून एकदा एवढं पुरे.

दुसरं म्हणजे कूलंट. इथं कुकरचा नियम लावा. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण आपण ओढून काढत नाही, तसंच तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळतं अंगावर येतं. पातळी बघायची ती इंजिन थंड असताना, बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत. पातळी वरचेवर उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. नुसतं नळाचं पाणी ओतत राहू नका. आपल्याकडच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार बसतात, बादलीत हीटरची कांडी पांढरी होते तसे.

नेहमीच्या तक्रारी आता बघू. सिग्नलला थांबल्यावर गाडी थरथरते, पण वेगात गेली की गप्प होते, तर बहुतेक वेळा इंजिनाखालचं रबरी माउंटिंग बसलेलं असतं किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते. गाडी झटके देते, ओढत नाही, तर स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल बघायला सांगा. इंजिनातून बारीक टिकटिक येत असेल तर व्हॉल्व्हची फट तपासून घ्यायची वेळ झाली असेल. या इंजिनात ती फट हातानं जुळवावी लागते. सकाळी गाडी सुरूच होत नाही, नुसता 'टक टक' आवाज येतो, तर आधी बॅटरी. आणि लहान गावातला सगळ्यात मोठा मेकॅनिक म्हणजे उंदीर! अंगणात चार दिवस उभ्या गाडीच्या वायरी तो कुरतडतो आणि आपण इंजिन बिघडलं म्हणून घाबरतो. म्हणून अधूनमधून बॉनेट उघडून बघायची सवय हवी.

काही दिवे मात्र पाठच करा. ऑइलच्या चंबूचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणालात तर इंजिनाचं काम निघतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचंच. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा; तो लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, लवकरात लवकर थांबवा.

पेट्रोलबद्दलही बायका विचारतात. आपल्या उसापासूनही बनणारं इथेनॉल २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. सिटीबाबत कंपनीनं सांगितलं आहे, की २००९ पासून बनलेल्या गाड्यांच्या इंधनाशी संबंधित भागांना हे पेट्रोल चालतं. त्याहून जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या तेवढ्या तपासून घ्या.

माहितीचा पैशाशी कसा संबंध आहे, ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानं भारतातल्या ९०,४६८ जुन्या गाड्यांचा इंधनपंप मोफत बदलून देण्याची घोषणा केली. त्यात सिटीही होती. पंपातला एक भाग सदोष असल्यानं इंजिन चालता चालता बंद पडू शकत होतं. गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर कंपनीला कळवला, की आपली गाडी त्यात आहे का ते समजतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्या घरी हे पत्र येईलच असं नाही, ते जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं. ज्या बाईला हे माहीत आहे तिला पंप फुकट मिळेल. जिला माहीत नाही ती त्याच पंपाचे हजारो रुपये मोजेल.

गॅरेजमध्येही चार वाक्यं पुरतात. "हे काम गाडीच्या पुस्तकात आहे का?" "आधी अंदाजे खर्च लिहून द्या." "जुना पार्ट मला दाखवा." "पक्कं बिल द्या." इंजिन फ्लशिंग, डीकार्बनायझिंग, कोटिंग असली नावं कामाच्या यादीत आपसूक घुसतात. प्रत्येक वेळी ती लागतातच असं नाही. सगळे मेकॅनिक फसवतात असं मी मुळीच म्हणणार नाही. विचारणारं गिऱ्हाईक प्रामाणिक मेकॅनिकला आवडतंच. आणि पक्कं बिल हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रारही करता येते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. "स्वयंपाक, मुलं, सासूबाईंची औषधं, नोकरी, आणि आता गाडीचं ऑइलही आम्हीच बघायचं? आणखी एक काम कशाला?" पटतं मला. म्हणून तर म्हणते, काम वाटून घ्या, पण माहिती वाटून देऊन टाकू नका. ऑइलची काडी नवऱ्यानं बघावी, खुशाल बघावी. मात्र शेवटचं ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, किती रुपयांत, हे दुधाच्या हिशेबाच्या वहीत आपल्या अक्षरात असू द्या. कारण रात्री आठ वाजता आजारी मुलाला घेऊन तालुक्याहून परतताना लाल दिवा लागतो, तेव्हा गाडीत आपणच असतो. फोनला रेंजही नसते.

गाडीच्या कप्प्यात मालकाच्या माहितीचं पुस्तक पडलेलं असतं, बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. या रविवारी दुपारी ते बाहेर काढा. बॉनेट उघडा, ऑइलची काडी, कूलंटची टाकी आणि बॅटरी कुठं आहे एवढं शोधा. लेक मोठी असेल तर तिलाही शेजारी उभी करा. आणि पुढच्या वेळी "साहेब नाही आले?" असं कुणी विचारलं, की म्हणा, "गाडी मी चालवते, काय झालंय ते मलाच सांगा."